डायरेक्टलीचा झिजलेला शिक्का

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी शिक्केबाईंनी चहाचा कप ओठांना लावला, सहज खिडकीबाहेर पाहिलं, आणि मोठ्या साहेबांचं टेबल समोरून जाताना दिसलं. नुसतं टेबल नव्हे, टेबलामागच्या खुर्चीत साहेबही होते. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने कागद दाबून धरलेले, तोंड सताड उघडं आणि त्यातून शब्द नाही. टेबल आपलं संथपणे, कसलीच घाई नसलेल्या पाहुण्यासारखं, फाटकाकडे निघालं होतं.

बाईंनी कप खाली ठेवला. टेबल चालतं हे एक वेळ मानता आलं असतं, साहेबांच्या कारकिर्दीत याहून विचित्र गोष्टी घडल्या होत्या. पण बाईंची खोली पहिल्या मजल्यावर होती.

त्या खिडकीशी धावल्या. खाली जमीन नव्हती, फेस होता. पांढरा, जाड, भिंतीला अंग घासत वर चढणारा. साबणाच्या कारखान्यात फेस दिसावा यात नवल नाही, पण तो कपड्यात, बादलीत, फार तर मोरीत दिसावा. इथे तीन नंबरच्या टाकीचं झाकण उडून पत्र्यावर पडलं होतं आणि टाकीच्या तोंडातून फेसाचा डोंगर बाहेर येत होता, येतच होता. फाटकावरचा पहारेकरी फाटकाच्याच वर चढून बसला होता आणि “नाव सांगा, नाव सांगा” असं फेसाला दरडावत होता.

फेस रस्त्यावर गेला. कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे चार गिऱ्हाइकं बसली होती. फेस दारातून आत शिरला, चौघांच्या गालांना आपसूक लागला आणि न्हाव्याने दहा मिनिटांत चौघांना गुळगुळीत करून मोकळं केलं. चौकातल्या वाहतूक पोलिसाचा फक्त हात वर दिसत होता आणि गाड्या इमानाने त्या हाताला पाळत होत्या. पलीकडच्या गल्लीतला एक म्हातारा बायको गेल्यापासून अंघोळीला तयार नव्हता, त्याचीही त्या दिवशी झाली. कोणाला ही थाप वाटत असेल तर त्याने त्या म्हाताऱ्याच्या सुनेला विचारावं. ती अजून कारखान्याच्या दिशेने हात जोडते.

कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण एवढा मोठा प्रकार झाला की त्याचं कारण लागतं, आणि कारण लावायचं काम बाईंचं.

चौकशीच्या खोलीत त्या सव्वीस वर्षं एकट्या बसत होत्या. कारखान्यात काही सांडलं, फुटलं, जळलं, की त्यांनी चौकशी करायची आणि एकपानी फॉर्म भरून मुख्य कचेरीला पाठवायचा. फॉर्म जुन्या मालकांच्या वेळचा, इंग्रजी. त्यात एकच वाक्य छापलेलं. आधी माणसाच्या नावाची जागा, मग एक छोटी रिकामी चौकट, मग ‘गेव्ह राइज टू’, आणि पुढे नुकसानीची जागा. अमक्यामुळे तमकं उद्भवलं, एवढाच त्याचा अर्थ. सगळी मेख त्या छोट्या चौकटीत होती. कसं उद्भवलं, ते तिथे लिहायचं. बाईंच्या आधीच्या कारकुनाने एकदा, तेलाचं पिंप फुटून गोदामातले उंदीर पळाले तेव्हा, तिथे ‘हॅपिली’ असं लिहून पाठवलं होतं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, की सदर वाक्प्रयोगाशी सदर क्रियाविशेषण बसत नाही, बसणारी पाच सोबत धाडत आहोत, यापुढे त्यांतलंच वापरावं. सोबत लाकडी पेटी, आणि पेटीत मखमलीवर ओळीने निजलेले पाच रबरी शिक्के.

त्या पाच शिक्क्यांवर सगळा कारखाना चाले. ‘इनेव्हिटेबली’ उठला तर ते टळणारच नव्हतं, यंत्रच म्हातारं झालं होतं, सगळे सुटले. ‘इनडायरेक्टली’ म्हणजे लांबून हात लागला, लेखी समज. ‘पार्टली’ला पंधरा दिवस घरी. आणि ‘डायरेक्टली’ म्हणजे गाशा गुंडाळा. कामगारांना इंग्रजीचा गंध नसला तरी या शब्दांचा अर्थ त्यांच्या पोटात कोरलेला होता. “वाचला बिचारा, पार्टलीवर निभावलं,” असं ते म्हणत. “जास्त बोलू नकोस, डायरेक्टली होशील,” असंही म्हणत. कामगारांच्या घरांत तर दूध उतू गेलं तरी बायका नवऱ्याला सुनवायच्या, “तुमच्यामुळे गेलं, आणि डायरेक्टली गेलं!”

पाचवा शिक्का ‘अनविटिंगली’. नकळत. त्याला सव्वीस वर्षांत शाईचा थेंब लागला नव्हता. बाईंचं मत असं, की नकळत वगैरे काही नसतं, माणसाला सगळं कळत असतं. ‘डायरेक्टली’ मात्र मारून मारून इतका झिजला होता की त्याची मधली अक्षरं सपाट झाली होती. पण वाचायची गरजच काय? सगळ्यांना माहीत होतं, बाईंचा फिका शिक्का म्हणजे कोणता.

कामाची पद्धतही ठरलेली. नुकसानीपासून मागे चालायचं, एकेक पायरी. पहिला माणूस आडवा आला की थांबायचं, शिक्का मारायचा, पाचला पेटी बंद. “त्याच्या मागे कोण, त्याच्या मागे कोण, असं विचारत बसलं तर मी आपल्या पणज्यापर्यंत पोचेन,” असं त्या म्हणत. आणि हसत. दुसरं कोणी हसत नसे.

साडेअकराला फेस कमरेपर्यंत बसला आणि साहेब परत आले. टेबल चौकातच राहिलं होतं, वाहतूक पोलीस त्यावर उभा होता. साहेबांच्या कोटाच्या खिशातून बुडबुडे निघत होते.

“बाई, पाचच्या आत फॉर्म पाहिजे. मुख्य कचेरीचा फोन आला. मी टेबलावर असतानाच आला. त्यांना डायरेक्टली हवाय. पार्टली-बिर्टली चालणार नाही, अर्धं गाव धुऊन निघालंय.”

“नाव?”

“आता नाव मी सांगू?” साहेब जरा चाचरले. “तीन नंबरची टाकी. पाळी कोणाची होती ते तुम्हाला ठाऊक आहे.”

ठाऊक होतं. पाळीचा फोरमन म्हणजे बाईंचा जावई. कारखान्याची दोन खोल्यांची जागा त्याच्या नावावर होती. तीत तो, बाईंची लेक आणि गेली चार वर्षं बाई. डायरेक्टली उठला की महिन्याच्या आत जागा सोडायची. तसं पत्र जायचं, आणि ते पत्रही बाईच टाइप करायच्या.

साहेब गेले आणि फोन वाजला. लेक होती.

“आई, खरंय का गं? टाकी यांच्या पाळीत फुटली?”

“फुटली नाही. उतू गेली.”

“तेच गं ते. तू काहीतरी करशील ना?”

“मी नियमाप्रमाणे करीन.”

पलीकडे कपाटाचं दार करकरलं. मग लेक म्हणाली, “बरं. मग मी बांधाबांध करायला घेते. तुझी ट्रंक वेगळी ठेवू का आमच्यातच घालू?”

बाईंनी फोन ठेवला. पेटी बगलेत मारली, चपला हातात घेतल्या आणि फेस तुडवत टाकीकडे गेल्या. जावई टाकीच्या बुंध्याशी उभा होता, नखशिखांत पांढरा. डोळे तेवढे काळे दिसत होते आणि ते पार भेदरलेले होते.

“आई, मी…”

“इथे बाई म्हणायचं.”

“बाई, नऊला हवेची मोटर मी चालू केली. रोज करतो. खालून हवा गेली की साबण ढवळून निघतो, फेस चढतो, फेस रेघेला टेकला की मोटर बंद. दहा वर्षं हेच चाललंय. मला काही कळतच नाही, आज काय झालं.”

बाईंनी फॉर्म काढला. पहिला माणूस सापडला होता. मोटर याने चालू केली, याने कबूलही केलं. त्यांनी नाव लिहिलं, पेटी उघडली, झिजलेला शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर टेकवला, आणि तो कागदाच्या वर चार बोटांवर थांबला.

हात खाली येईना. बाईंनी हाताकडे असं पाहिलं, जसा तो दुसऱ्याच कोणाचा असावा. सव्वीस वर्षांत हा हात कधी थांबला नव्हता. आणि आता तोंडही फितूर झालं. त्यातून आपोआप एक प्रश्न बाहेर पडला.

“चालू तुम्ही केलीत. बंद कोणी करायची होती?”

जावई चपापला. बाईंनी असं विचारलेलं कोणीच ऐकलं नव्हतं. त्याने टाकीच्या शिडीकडे बोट दाखवलं. शिडीवर नवा टाकीवाला बसला होता. सोमवारी कामाला लागलेला, चार दिवसांचा. अजून खाली उतरायचं धाडस त्याला होत नव्हतं.

“बाई, मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो,” तो वरूनच ओरडला. “लाल रेघ आली की बंद कर, असं फोरमनसाहेबांनी सांगितलं होतं. पण रेघ आलीच नाही!”

“अरे, रेघ येत नसते! फेस येतो!”

“तेच म्हणतोय मी! फेस आला. छातीपर्यंत आला, डोक्यावरून गेला. मी म्हटलं, रेघ आणखी वर असेल.”

“डोक्यावरून गेल्यावर तरी…”

“डोक्यावरून गेल्यावर काही दिसेचना, बाई. रेघ दिसल्याशिवाय बंद कशी करू? नवा माणूस मी.”

बाईंना हसावं की रडावं कळेना. त्या शिडी चढल्या. सत्तावन्नाव्या वर्षी, चपला खाली ठेवून, पेटी बगलेत. टाकीच्या कडेवरून आत वाकून पाहिलं. आतला फेस ओसरला होता. टाकीची आतली बाजू आरशासारखी चकचकीत होती. वरपासून खालपर्यंत. लाल रेघ नव्हती. रेघेची खूणसुद्धा नव्हती. आरशात त्यांचा स्वतःचा चेहरा दिसत होता, लांबट, तोंड वासलेला.

“रेघ कुठे गेली?” त्यांनी खाली पाहून विचारलं.

जावई पाहतच राहिला. “म्हणजे? नाहीये?”

“दहा वर्षांत तुम्ही एकदाही वाकून बघितलं नाहीत?”

“जुने टाकीदादा होते ना! ते कशाला रेघ बघतील? मोटरचा आवाज बदलला की डोळे मिटून खटका दाबायचे. गेल्या शनिवारी निवृत्त झाले. नारळ… म्हणजे हार घालून पाठवलं आपण त्यांना.” त्याने डोळ्यांवरचा फेस पुसला. “रेघ नाहीये हे त्यांना कधी कळलंही नसेल.”

आता परत फिरावं असं बाईंना वाटलं. पायऱ्या मोजल्या तर ही चौथी होती आणि आजवर त्या पहिलीच्या पुढे गेल्या नव्हत्या. पण कुतूहल वाईट. ते एकदा पायांत शिरलं की चपला हातात असल्या तरी चालवतं. बाई भांडारात गेल्या. भांडारपाल स्टुलावर उभा राहून वरच्या फळीवरच्या वह्या सुकवत होता.

“टाकीतली लाल रेघ कशाने गेली?”

“साबणाने, बाई. दुसरं काय? साबणापुढे कुठला रंग टिकणार? महिनाभर तग धरते फार तर. दर एक तारखेला टाकी रिकामी करून नवी मारावी लागते.”

“मग मारली का नाही?”

“रंगाचा डबा तर हा इथे आहे.” त्याने फळीवरून एक डबा काढून हलवला. आत काहीच हललं नाही, रंग वाळून दगड झाला होता. “चौदा महिने झाकण उघडलेलं नाही. रंगमामा मारायचे रेघ.”

“मग ते कुठे असतात?”

भांडारपालाने वही बाजूला ठेवली आणि तो स्टुलावरून हळूच खाली उतरला. बाई आपली परीक्षा घेतायत की काय, अशा नजरेने त्याने त्यांच्याकडे पाहिलं.

“बाई, चेष्टा करताय होय गरिबाची?”

“मी कधी चेष्टा केलीय?”

“नाही. ती नाही केलीत कधी,” तो घाईने म्हणाला. “रंगमामांना डायरेक्टली झालं ना. तुमच्याच हातून. नंतर ती जागा भरायची राहूनच गेली.”

बाईंच्या पायांखालची फरशी सरकली. फरशीवर फेस होता म्हणून खरोखरच सरकली, आणि त्या भांडारपालाच्या खांद्याला धरून कशाबशा उभ्या राहिल्या.

खोलीत जाऊन त्यांनी जुनी फाइल काढली. चौदा महिन्यांपूर्वीचा फॉर्म. नावाच्या जागी ‘रंगवाला’. चौकटीत फिका शिक्का. गेव्ह राइज टू: पॅकिंगच्या ट्रॉलीवर तांबडा रंग सांडून सतराशे पांढऱ्या वड्या लाल होणे. अक्षर बाईंचं, सही बाईंची. आणि कोपऱ्यात वेळ, चार अठ्ठावन्न.

ती संध्याकाळ त्यांना आठवली. बाहेरच्या बोळात शिडीवर चढून रंगमामा वरची पट्टी रंगवत होते. शिडी पडली, डबा खालच्या ट्रॉलीवर पडला, मामा खिडकीच्या गजाला लोंबकळले म्हणून वाचले. मग ते याच टेबलासमोर उभे राहिले होते, हातांना लाल रंग, आणि म्हणाले होते, “बाई, शिडी आपोआप कशी पडेल? मागे एकदा विचारा तरी.” आणि बाईंनी घड्याळाकडे पाहिलं होतं.

तीन वाजता त्या रंगमामांच्या दारात होत्या. कारखान्यापासून तीन गल्ल्या सोडून त्यांचं एका खणाचं दुकान होतं. ते आता पाट्या रंगवत. गुडघाभर फेसात उभे राहून ते एक फळी रंगवत होते. फळीवर लिहिलं होतं, ‘येथे कपडे धुऊन मिळतील’. धोब्याने ती महिन्यापूर्वी सांगितली होती आणि आज ती पाहून त्याने कपाळाला हात लावला होता.

“मामा,” बाई म्हणाल्या. “त्या दिवशी शिडी कशी पडली?”

मामांचा ब्रश हवेतच राहिला. त्यांनी वळून पाहिलं. आधी बाईंकडे, मग बगलेतल्या पेटीकडे, मग पुन्हा बाईंकडे.

“चौदा महिन्यांनी विचारताय?”

“हो.”

“बसा. तो स्टूल वाळलाय, हा नको, हा ओला आहे.” त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला. “सांगू? नंतर म्हणाल, म्हाताऱ्याने डूख धरला.”

“सांगा.”

“शिडी तुमच्या खोलीच्या दाराशी लावली होती. तुमचं दार बाहेर उघडतं.”

मामा एवढंच बोलले. पुढचं काही सांगावं लागलं नाही. त्या दिवशी दार जड लागलं होतं. चहाला जायचं म्हणून त्यांनी कडी काढली, दार ढकललं, ते हललं नाही. त्यांना वाटलं बिजागरी धरली असेल. मग त्यांनी खांदा लावला होता. चांगला जोर करून. बाहेर काहीतरी धडाडलं, कोणीतरी ओरडलं, आणि त्या बाहेर येऊन म्हणाल्या होत्या, “कोणी केलं हे?”

“अगं बाई गं…” त्या स्वतःलाच म्हणाल्या.

“मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे,” मामा म्हणाले. “मग कळलं, नाही माहीत. तुम्ही विचारलंत ते खरंच विचारत होतात.”

“मग बोलला का नाहीत?”

“शिडी आपोआप कशी पडेल, असं म्हटलं की! तुम्ही घड्याळ बघितलंत. तोवर नाव लिहून झालं होतं. आणि शिक्का मारणाऱ्यालाच कसं सांगायचं, की बाई, जरा स्वतःवर मारा?”

“राग आला असेल.”

“आला तर! दोन महिने तुमचं नाव घेऊन लोकांच्या भिंती घासल्या. भिंती छान निघाल्या.”

बाई स्टुलावरून उठल्या. “माझ्याबरोबर चला. रेघ मारायची आहे.”

“आधी तुमचा फॉर्म भरा,” मामा म्हणाले आणि पुन्हा फळीकडे वळले. “मग रेघेचं बघू.”

पावणेपाचला बाई टेबलाशी बसल्या. दारात जावई उभा, खिडकीपाशी साहेब, दुसऱ्या कोटात. जावयाच्या नावाचा फॉर्म बाईंनी फाडून टोपलीत टाकला. साहेबांच्या भुवया कपाळात गेल्या.

बाईंनी पेटी उघडली. पाचवा शिक्का बाहेर काढला. कोरा, गुलाबी, तान्ह्या पोराच्या टाचेसारखा. नकळत. त्यांनी तो हातात फिरवून पाहिला. मोह झाला, नाही असं नाही. दार तर खरंच नकळत लागलं होतं. हा शिक्का मारला की लेखी समजसुद्धा नाही, पेटीच्या झाकणाच्या आत तसा नियमच चिकटवला होता. जावई वाचला, जागा वाचली, बाई वाचल्या, आणि पाचला पेटी बंद.

त्यांनी तो शाईवर टेकवला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याला शाई लागली. मग त्यांनी चौदा महिन्यांपूर्वीचा फॉर्म समोर ओढला, रंगवाल्याचं नाव खोडलं, तिथे ‘चौकशी कक्षाच्या बाई’ असं लिहिलं, फिक्या शिक्क्यावर काट मारली आणि शेजारी नवा शिक्का उठवला. काळाभोर उठला. दाराने वड्या लाल झाल्या त्या अनविटिंगली, हे बरोबर होतं.

पण फेस दाराने आला नव्हता. फेस चार अठ्ठावन्नने आला होता. घड्याळाकडे बाईंनी पाहिलं होतं ते पूर्ण शुद्धीत.

त्यांनी आजचा कोरा फॉर्म घेतला. नावाच्या जागी पुन्हा तेच लिहिलं. झिजलेला शिक्का उचलला. या वेळी हात थांबला नाही. कागद साहेबांकडे सरकवला.

साहेबांनी वाचला. डोळ्यांजवळ नेला. खिडकीशी धरला. त्यांचा चेहरा टेबलावर वाहत जाताना झाला होता तसाच झाला.

“बाई! हे नाव… तुमचं?”

“हो.”

“आणि चौकटीत? नीट उठलंच नाहीये. सुरुवातीला काहीतरी आहे, शेवटी ‘ली’ आहे, मध्ये सगळं सपाट.” साहेबांनी घसा खाकरला, आवाज खाली आणला. “हे इनडायरेक्टली असणार. नाही का? तुम्ही जुनं माणूस आहात. मी आपला इनडायरेक्टली म्हणून कळवतो, लेखी समज, विषय संपला. फोरमनलाही काही होत नाही, तुम्हालाही नाही. मुख्य कचेरीला थोडंच दिसणार आहे!”

दारातला जावई एक पाऊल आत आला. बाईंनी कागदाकडे पाहिलं. खरंच वाचता येत नव्हतं. जितक्या माणसांना त्यांनी हा शिक्का मारला, तितकी अक्षरं त्या माणसांनी घरी नेली होती, आणि आता स्वतःची पाळी आली तर उरलं एवढंच.

आणि तेव्हा बाईंच्या ध्यानात आलं, की हा शब्द आपण सव्वीस वर्षांत एकदाही तोंडाने उच्चारलेला नाही. कोणाच्याही समोर नाही. शिक्का मारायचा, कागद सरकवायचा, पुढचं त्या माणसाने समजून घ्यायचं.

जीभ टाळूला चिकटली होती. ती त्यांनी सोडवली.

“डायरेक्टली, साहेब,” त्या म्हणाल्या. “हाताने लिहा वरती. मी सही करते.”

साहेब मटकन खुर्चीत बसले.

“आणि फोरमनच्या नावे वेगळा फॉर्म,” बाईंनी पेटीतून दुसरा शिक्का काढला. “इनडायरेक्टली. दहा वर्षांत टाकीत एकदा वाकून पाहिलं नाही. लेखी समज.”

“अहो आई!” जावई किंचाळला.

“बाई म्हणायचं,” शिक्केबाई म्हणाल्या. “अजून पाच वाजायचेत.”

मुख्य कचेरीचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं. तिन्ही फॉर्म तपासले, तिन्ही क्रियाविशेषणं सदर वाक्प्रयोगाशी बसतात, मंजूर. रंगवाल्यास परत घ्यावे. चौकशी कक्षाच्या बाईंनी महिनाअखेर जागा रिकामी करावी. घरची जागा जावयाच्या नावावर होती, ती राहिली. लेकीने ट्रंक सोडली आणि दोन दिवस आईशी बोलली नाही. नवऱ्याला समजेचा कागद मिळाला होता ना! तिसऱ्या दिवशी बोलली.

शेवटच्या दिवशी पाच वाजता बाईंनी पेटी बंद केली, चहाचा कप धुऊन पिशवीत ठेवला आणि त्या दाराशी आल्या. कडी काढली. हात दाराला लावला, आणि थांबला. बाहेर बोळात तेलरंगाचा वास येत होता.

बाईंनी आपल्याच खोलीच्या दारावर आतून ठोठावलं.

“या, बाई,” बाहेरून रंगमामांचा आवाज आला. “शिडी बाजूला घेतलीय.”